दोघांनी ऐकला तरच

समुद्रपूर
२९ ऑगस्ट २०२३

अपेक्षे, आशीर्वाद.

राग उतरला असन तं आता वाच, नसन उतरला तं बाजूले ठेव अन् उतरल्यावर वाच. परवा पक्षी मोजायची शर्यत संपल्यावर तू जेवली बी नाई, तशीच बॅग उचलून परभणीच्या गाडीत बसली. तुह्या मामीनं खास तुह्यासाठी पातोडीचा रस्सा केलता. तो मलेच दोन दिवस खावा लागला, अन् वरून मामीचं बोलनं खावं लागलं ते वेगळं.

ढाल आर्वीच्या मिहिरले गेली, ते बी एका पक्ष्यानं. याचं मले काई वाटत नाई असं समजू नको. टीव्हीवरची तिची जागा रिकामी दिसते अन् माहा डोळा रोज तिथंच जाते. पन पोरी, जिल्ह्याची ही शर्यत सुरू झाली तवा नियम कोनं केले? मीच ना? जोडीतल्या दोघांनी पाह्यला नाई तं दोघांनी ऐकला, तरच पक्षी यादीत धरायचा. टेपवरचा आवाज धरायचा नाई. आता तू म्हनते, सकायी गिरडच्या पडीवर, त्या गवताच्या रानात, तारवाला बोलला. मी तुह्या खांद्याले खांदा लावून उभा होतो. मी नाई ऐकला. मंग कसा धरू?

तारवाला हे नाव बी त्याले मीच देल्लं, तू फ्रॉकमध्ये होती तवा. बारीक तार ओढल्यावानी आवाज म्हनून. मातीच्या रंगाचं, चिमनीएवढं पाखरू, पावसाळाभर गवतात दडून राह्यते, डोळ्याले दिसनं मुश्किलच, आवाजावरूनच ओळखा लागते. अख्ख्या जिल्ह्यात त्याची एकच जागा, अन् ते मीच हुडकली, एसटीची गिरड गाडी चालवता चालवता. त्याचा आवाज मी ऐकनार नाई तं कोन ऐकन? शर्यतीच्या दिवशी कानाले लालूच सुटते, अपेक्षे. किडा बी तारवाला वाटते. मले बी वाटलाय.

फोनवर फोन करून राह्यली तू, मी उचलत नाई. त्याचे कारन दोन. एक म्हंजे पडीचं नाव फोनवर घ्याचं नाई. त्या शिंगड्या घुबडाच्या घरट्याचं विसरली का? कोन्या शहान्यानं ग्रुपवर फोटो टाकला, फोटोवरून जागा समजली, रविवारी कॅमेरेवाल्यांच्या गाड्याच गाड्या, अन् घुबडीनं अंडे सोडून देल्ले. तवापासून जागेची गोष्ट पोस्टानंच. दुसरं कारन, तू आजकाल फोनवर पुटपुटते. तोंडात पान असल्यावानी. बँकेत गिऱ्हाइकाशी बी तशीच बोलते का?

राग सोडजो. मामी विचारून राह्यली, चकल्या पाठवू का?

तुहा मामा
धनंजय


परभणी
९ सप्टेंबर २०२३

मामाजी, नमस्कार.

चकल्या पाठवाच. राग अर्धा उतरला आहे, उरलेला त्यांनी उतरेल.

तुम्हाला एक गोष्ट कधी सांगितली नव्हती. पक्षी ऐकला की तुमच्या उजव्या हाताचं बोट वर जातं. तुम्हाला ते कळतही नाही. नाचणगावच्या आमच्या घरी अंगणात चहा पीत बसलेले असलात तरी जातं, कप हातात असेल तर कपासकट जातं. आई हसायची, दादाचा अँटेना वर झाला म्हणायची. मी लहानपणापासून पक्षी ऐकायच्या आधी तुमचं बोट बघत आले. बोट वर गेलं की मग मी कान लावायचे.

त्या दिवशी पडीवर बाभळीच्या बाजूनं आवाज आला आणि मी सवयीनं तुमच्या हाताकडे बघितलं. बोट खालीच होतं. पुन्हा आवाज आला, पुन्हा बघितलं. तुम्ही दुर्बीण पुसत होतात. मला राग ढालीचा नाही आला, मामाजी. मी एकटीनं ऐकला आणि तुम्ही नाही, हे कसं शक्य आहे, याचाच राग आला. आजवर असं कधी झालं नव्हतं.

पण बोट वर गेलं नाही म्हणजे नसेलच. किडाच असेल. तुम्ही म्हणता ती लालूच माझ्या कानाला सुटली असेल. पुढच्या श्रावणात ढाल परत आणू.

आणि मी फोनवर पुटपुटत नाही. काउंटरवर सगळे म्हणतात, मॅडम, हळू बोला.

तुमची
अपेक्षा


समुद्रपूर
८ जुलै २०२४

अपेक्षे, आशीर्वाद.

पानी यंदा बरा हाय. पड हिरवीगार झाली, वाऱ्यानं गवत हालते तं पाहत राह्यावं वाटते. मी रोज सकायी जाऊन राह्यलो.

पन पोरी, पड मेली वो. तितर बोलते, भारद्वाज घुमते, मोर वरडते, होले हायेत. पन ते गवतातली बारकी मंडळी एक बी नाई. तारवाला तं नाईच, साधा वटवट्या बी नाई, जो आंधी पायाखाली येईन इतला होता. मी बसतो एका वावराच्या धुऱ्यावर, बांधावर, अन् कान लावतो. काई नाई. घरातलं मानूस गेल्यावर घर लागते ना, तशी लागते पड. आजूबाजूच्या वावरात तणनाशक मारून मारून किडा ठेवला नाई, पाखरं काय खातीन? तुले खोटं वाटन, पन रातकिडे बी बंद झाले. सांजच्याले अंगनात बसतो तं पह्यले कसा कल्ला राहे, आता एक किडा वरडत नाई. तुह्या मामीले म्हनलं तं ते माह्याकडं नुसती पाह्यते.

मामीचं बी आता ध्यान राह्यत नाई. परवा कुकर चढवून आमच्या वच्छलाबाई गेल्या शेजारी, डाळ जळून कोळसा. मले म्हनते, तुमी बाजूलेच बसले होते, शिट्ट्या मोजून बंद करता येत नवता? मी म्हनलं शिट्टी वाजलीच नाई तं काय मोजू? रबर बदलून आन्लं तरी तिचं तेच.

आता मुद्द्याचं. सौर विजेच्या एका कंपनीले आपली पड पाह्यजे. सरकारी जागा, झाड नाई, म्हनून कागदावर ते पडीक. गवताले कोनी काई समजतच नाई. एक सरकारी साहेब चौकशीले येऊन गेला, मानूस बरा हाय. तो म्हनते, जुन्या कागदात असं हाय की इथं दुर्मिळ पक्षी अंडे घालते. तो अजून असन तं जागा देता येत नाई. त्यानं मिहिरले बी विचारलं. मिहिर म्हनला, धनंजयभाऊ सांगतीन तेच खरं, त्यांच्या कानावर मी जाऊ शकत नाई. आता याच महिन्यात माहं बयान घेनार हाय.

काय सांगू मी?

तुहा मामा


परभणी
१६ जुलै २०२४

मामाजी,

पत्र मिळालं. ऑडिट चालू आहे, या महिन्यात रजा मिळत नाही, नाहीतर आत्ता निघाले असते.

हात जोडते, "नाही" म्हणू नका. "यंदा ऐकला नाही, पण असू शकतो" एवढंच म्हणा. यात खोटं काय आहे? एखादं वर्ष पाखरं येत नाहीत, पुढच्या वर्षी येतात. तुम्ही "नाही" म्हणालात की ते नाहीच होतं, मामाजी. साहेब तुमच्यावर दुसऱ्या कोणाला विचारणार नाही.

मी गेल्या वर्षी ऐकला होता, हे मी त्यांना लिहून कळवू का? लिहायला बसले होते. पण तुम्ही किडा म्हणालात आणि मीही ते मान्य केलं. आता पड वाचवायची आहे म्हणून पुन्हा ऐकला म्हणायचं, हे मलाच बरं वाटेना. तुमच्याविरुद्ध माझं पत्र गेलं तर तुम्हाला काय वाटेल, हेही मनात आलं. कागद फाडला.

निदान मी येईपर्यंत थांबवा त्यांना.

अपेक्षा


समुद्रपूर
३ ऑगस्ट २०२४

अपेक्षे,

बयान देल्लं. दोन पावसाळे झाले, गिरडच्या पडीवर तारवाला नाई, असं सांगतलं अन् सही केली.

तुहं पत्र खिशातच होतं. "असू शकते" म्हनाव असं ओठावर आलतं. पन साहेबानं सरळ विचारलं, धनंजयभाऊ, तुमचा कान काय म्हनते? आता कानाले विचारल्यावर मी काय सांगू? ज्या मानसानं एका पक्ष्यासाठी भाचीचं मन मोडलं, ढाल सोडली, तो आता सोयीचं हाय म्हनून खोटं बोलन का?  बाहेर येऊन एसटी स्टँडच्या बाकावर बसलो, तिथल्या पोरांनी विचारलं, काका पानी देऊ का?

मले लय वाईट वाटते, पोरी. तुह्यापासून काय लपवू. ते पाखरू माह्यं होतं. पन नाई ते नाई.

यंदा शर्यतीत मी उतरत नाई. ऐकाले काई उरलंच नाई. तू दुसरी जोडी पाह्य.

पोळ्याले येजो. पड एकडाव पाहून घेजो.

तुहा मामा


परभणी
८ सप्टेंबर २०२४

मामी,

हे पत्र तुमच्या नावानं मुद्दाम लिहिते आहे. मामाजींना दाखवू नका.

तान्ह्या पोळ्याच्या सकाळी आम्ही दोघं पडीवर गेलो, ते तुम्हाला माहीत आहे. आल्यावर तुम्ही मला विचारलंत, तोंड का उतरलं? मी म्हटलं, ऊन लागलं. ऊन नव्हतं, मामी.

आम्ही जाऊन उभे राहिलो आणि तारवाला बोलला. आमच्या अगदी पुढ्यात. मग बाभळीकडून दुसऱ्यानं उत्तर दिलं, मग लांबून तिसऱ्यानं. वटवटे तर इतके की कोण कुठून बोलतंय ते कळेना. मी घाईनं फोनवर आवाज घ्यायला लागले आणि मामाजींच्या हाताकडे बघितलं. बोट खाली. मामाजी टेकडीकडे बघत उभे होते, डोळे भरलेले. म्हणाले, "पाह्य, कसं सुनसान हाय. चाल वो पोरी, इथं काई नाई."

आणि तो बोलतच होता, मामी. मी "हो मामाजी" म्हटलं आणि त्यांच्या मागून चालायला लागले.

घरी आले तर तुमचा कुकर शिट्ट्या देत होता आणि मामाजी त्याच्याशेजारी बसून विचारत होते, झालं नाई का अजून? तेव्हा मला सगळं कळलं. माझं फोनवरचं पुटपुटणं, रातकिडे, सगळं. पाखरं कुठं गेलेली नाहीत. मामाजींना बारीक आवाज ऐकू येत नाहीत. जाडे येतात, माणसांचं बोलणं समोरून येतं, म्हणून त्यांना कळलं नाही. जन्मभर गाडीच्या इंजिनाशेजारी बसलेला माणूस. आणि मी मूर्ख, स्वतःच्या कानांनी ऐकून त्यांच्या बोटावर विश्वास ठेवला.

पड कंपनीला द्यायचा हुकूम अजून निघालेला नाही. मी त्या साहेबांच्या ऑफिसात चौकशी केली. आवाजाचा पुरावा द्या, पण ज्यांचं बयान आहे त्यांनी स्वतः येऊन ते बदललं पाहिजे, असं म्हणाले. म्हणजे मामाजींना सांगावं लागेल. मी सांगू का? माझी हिंमत होत नाही. तुम्ही सांगा काय करू.

तुमची
अपेक्षा


समुद्रपूर
१७ सप्टेंबर २०२४

अपेक्षाले मामीचा आशीर्वाद.

मले लिवनं जमत नाई, चुकलं असन तं समजून घेजो.

मले मालूम हाय, बाई. दोन वर्सापासून मालूम हाय. मांगून हाक मारली तं वळत नाईत. माह्या बांगड्या वाजल्या का मान वर करत, ते बी आता नाई. आंधी वाटलं मुद्दाम करते, मंग समजलं. एकडाव म्हनलं, वर्ध्याले जाऊन कान दाखवून या. तं जेवत्या ताटावरून उठले. म्हने, ज्याच्या कानाची जिल्हा साक्ष देते त्याले तू बहिरा म्हनते? तवापासून मी बोलली नाई.

तू अपेक्षे आता सांगू नको. हात जोडते तुले. बयान देल्ल्यापासून त्याईचं खानं अर्धं झालं. पाखरं गेली याचं दुःख करत हायेत, ते करू दे, त्या दुःखात मान तरी हाय. कान गेला अन् आपल्याच तोंडानं पड गेली असं समजलं तं हा मानूस घराबाहेर निंगनार नाई. दिवाळी होऊ दे. आपली नात येनार हाय, घर भरलं राह्यन. मंग तुह्यानं जमन तसं सांग. सरकारी काम हाय, इतलं लवकर कुठं होते?

हे पत्र फाडून टाकजो.

तुही मामी
वच्छला


परभणी
९ नोव्हेंबर २०२४

मामाजी, नमस्कार.

हे पत्र मी खूपदा लिहिलं आणि खूपदा फाडलं. तुम्ही मला सरळ बोलायला शिकवलंत, म्हणून सरळ लिहिते.

तान्ह्या पोळ्याला पडीवर तारवाला होता. तीन होते. वटवटेही होते. मी ऐकले, माझ्या फोनवर त्यांचा आवाज आहे, तो मी जाणकारांना ऐकवला, सगळ्यांनी ओळखला. तुम्हाला तो ऐकू आला नाही, मामाजी. रातकिडेही बंद झालेले नाहीत आणि कुकरचं रबर चांगलं होतं.

तुम्ही खोटं बोलला नाहीत. तुम्ही जे ऐकलं तेच सांगितलंत, पण कानानं तुम्हाला फसवलं. वर्ध्याला कानाचे डॉक्टर आहेत, मशीन मिळतं, हल्ली लहान पोरंही लावतात. आणि बयान बदलता येतं. तुम्ही ऑफिसात जाऊन एवढंच म्हणायचं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. आवाज मी देते. कृपा करून लवकर जा.

रागवा माझ्यावर, मार द्या, पण जा.

तुमची
अपेक्षा


समुद्रपूर
१५ नोव्हेंबर २०२४

अपेक्षा,

माहे कान तपासाले तू डाक्टर कवा झाली? ढालीचा राग अजून गेला नाई म्हनावं लागन. तुह्या फोनवर काय हाय ते तुलेच मालूम, आजकाल फोनवर वाघ बी गाते.

मामी तुह्या बाजूनं बोलून राह्यली. तुमी दोघी मिळून मले म्हातारा करा.

पुढं पत्र नको.

धनंजय


समुद्रपूर
२१ जानेवारी २०२५

अपेक्षे, आशीर्वाद.

पुढं पत्र नको असं लिहिलं अन् मीच लिहून राह्यलो. तुह्या मामाची जात तुले मालूम हाय.

ते पत्र टाकल्यावर महिनाभर मी कोनाशी धड बोललो नाई. मंग एक दिवस तुही मामी मंदिरात गेलती. मी सोता कुकरात पानी टाकून चढवला अन् समोर पाटावर बसलो, डोळे लावून. वाफ आली. शिट्टी वर उडाली, थरथर थरथर करे, वाफेचा फवारा छतापर्यंत. अन् मले काई नाई. खिडकीतून सिनेमा पाह्यल्यावानी. पुन्हा उडाली, पुन्हा काई नाई. गॅस बंद केला अन् तिथंच बसून राह्यलो. मामी आली तं तिनं पदरानं माह्यं तोंड पुसलं.

वर्ध्याले गेलो. डाक्टरीन पोरीसारखी होती, तिनं कागदावर रेघ काढून दाखवली, इथपर्यंत येते, इथून पुढं काई नाई. मशीन बसवलं. येतानी एसटीत बसलो तं च्या मायले, केवढा कल्ला! कंडक्टरची तिकिटाची मशीन, पोट्ट्याच्या हातातली कुरकुऱ्याची पिशवी, खिडकीच्या काचा. घरी आलो तं मामीच्या बांगड्या वाजल्या अन् मी रडलो. ते म्हने, काय झालं? मी म्हनलं, वाजव अजून.

दुसऱ्याच दिवशी ऑफिसात गेलो. साहेब उठून उभा राह्यला, खुर्ची देल्ली. मी म्हनलं, माह्या ऐकन्यात गलती झाली, बयान वापस घ्या, भाचीकडं आवाज हाय. त्यानं फाइल काढून पाह्यली. मंग म्हने, धनंजयभाऊ, हुकूम दिवाळीच्या आठवड्यात निंगाला. दसऱ्याच्या आंधी आले असते तं मी सोता फाइल थांबवली असती.

तू पोळ्याले ऐकला अन् मले पत्र दिवाळीनंतर आलं. घरी आल्यावर मी हे बोललो तं मामीनं सांगतलं, थांब म्हनून मीच लिवलं होतं.  तिच्यावर काय रागावू, तिनं माह्यासाठीच केलं. जेवलो नाई त्या दिवशी, इतलंच. तुह्यावर बी राग नाई. मीच तुले बोलन्यालायक ठेवलं नवतं.

मंग गिरडच्या गाडीनं पडीवर गेलो. गवत काढून जमीन सपाट केली हाय, लोखंडी खांब गाडून राह्यले. तसा थंडीत तारवाला बोलतच नाई, पन गवतच नाई तं पावसाळ्यात तो कुठं येईन? मी तिथंच उभा राह्यलो. मशीनमुळं मले खांबाचा एक एक नट कसताना ऐकू येत होता. ज्या सालात पाखरं होते त्या सालात मी बहिरा होतो. आता मले सगळं ऐकू येते.

तुह्या फोनवरचा तो आवाज मले पाठव. फोनवर नको, जागेची गोष्ट हाय. आता लपवाले जागा नाई, तरी पोस्टानंच पाठव.

तुहा मामा


परभणी
३ फेब्रुवारी २०२५

मामाजी,

सोबत मेमरी कार्ड आहे. मामींच्या फोनमध्ये टाकून ऐकता येईल, शेजारच्या काजलला सांगा, ती लावून देईल. मशीन कानात घालूनच ऐका.

मी थांबायला नको होतं. मामींच्या पत्रावर सोडलं, कारण मलाही तेच हवं होतं. तुम्हाला सांगायची वेळ येऊ नये, एवढंच वाटत होतं. पड गेली त्यात माझा वाटा आहे, आणि तो तुमच्याहून मोठा आहे. तुम्हाला ऐकू आलं नव्हतं. मला आलं होतं.

एक विचारते. आता तुम्हीही तो ऐकाल. मग दोघांनी ऐकला असं होतं ना? तो पक्षी वहीत आपल्या जोडीच्या नावावर मांडू का?

तुमची
अपेक्षा


समुद्रपूर
१२ फेब्रुवारी २०२५

अपेक्षे,

काजलनं लावून देल्लं. ऐकलं.

पन हे तू कापलं हाय, पोरी. मी ड्रायव्हर मानूस, गाडीचा गिअर मधातच पडला तं मले समजते. तारवाला बोलते, बोलते अन् एकदम तुटते, जसं कोनी कात्रीनं कापलं. त्याच्यापुढं काय हाय?

त्याच्यापुढं मी बोललो असन. नक्कीच बोललो असन. पडीवरून निंगतानी मी काई बोलल्याशिवाय निंगत नाई.

मले दुखू नये म्हनून कापलं ना? तुही मामी दिवाळीपर्यंत थांबली ते बी याच्याचसाठी. पुरे झालं आता. ते पूर्न पाठव. माह्या आवाजासकट पाठव.

तुहा मामा


समुद्रपूर
१ मार्च २०२५

अपेक्षे, आशीर्वाद.

कार्ड काल आलं. आज सकायी अंगनात बसून ऐकलं, मामी बाजूले होती. कानात मशीन घातलं, डोळे मिटले.

पह्यले नुसता वारा. गवताचा आवाज, तुही चप्पल. मंग तो बोलला. तसाच वो, अगदी तसाच, जसा माह्या नोकरीच्या दिवसांत गाडी बंद करून ऐकला होता. बारीक, एक बी गाठ नसलेली तार. मामी म्हनते, तुमचं बोट वर गेलं. मले समजलं नाई, पन तू लिहिलं होतं ते खरं असन, कारन मी डोळे उघडले तवा ते वरच होतं.

दूरून दुसरा बोलला. तिसरा मले जरासा हलकाच आला, मामीले चांगला आला. अन् त्याच्यावर माहा आवाज. "पाह्य, कसं सुनसान हाय. चाल वो पोरी, इथं काई नाई." इतला मोठ्यानं बोललो मी. इतला खातरीनं. अन् तो थांबला बी नाई, अपेक्षे. मी नाई म्हनून राह्यलो अन् तो माह्या बोलन्याखालून बोलूनच राह्यला. मंग तुहं "हो मामाजी". ते ऐकवलं नाई मले. तुले तवा कसं वाटलं असन, ते आता समजलं.

मी ते पुन्हा लावलं. मामी म्हने, कायले? मी म्हनलं, ऐकू दे.

तू विचारलं होतं, आता दोघांनी ऐकला तं जोडीच्या नावावर मांडू का? दोघांनी ऐकला, हे खरं हाय. पन टेपवरचा आवाज धरायचा नाई, हा बी नियम माहाच हाय. तो पडीवर बोलला तवा तू एकटीच होती.

मांडू नको.

तुहा मामा
धनंजय